बाबांच्या माल्टवरचा आळ

अन्याय झाला तो माझ्या बाबांवर, किशोर भिवापूरकर यांच्यावर. मी अकरावीत होते त्या वर्षी, नोव्हेंबरात, थँक्सगिव्हिंगच्या आदल्या शनिवारी, दुपारी चारच्या सुमाराला, अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या एका तीन गाड्यांच्या गराजमध्ये. करणारा एक होता आणि बघत उभा राहिलेला एक. हे आधीच सांगून टाकते, कारण आमच्यातल्या कोणी काही सांगायला बसलं की पहिलं वाक्य संपायच्या आत समोरचे विचारतात, "पण नक्की झालं काय? शिवी दिली? मारलं?" नाही. कोणी शिवी दिली नाही, कोणी मारलं नाही. सगळे अतिशय सभ्यपणे वागले. त्या सभ्यपणाचाच मला राग आहे, आणि तो कमी व्हावा अशी माझी मुळीच इच्छा नाही.

आई म्हणते, तिशी गाठायच्या आत आठवणी लिहायला बसणारी तू पहिलीच, लोकं दात पडल्यावर लिहितात. पण म्हातारपणापर्यंत थांबलं की राग निवतो, आणि मग माणसं 'तो काळच तसा होता' असं लिहून मोकळी होतात. हा काळ परवाचा आहे. त्यातली सगळी माणसं अजून त्याच गावात राहतात, त्याच दुकानातून कढीपत्ता आणतात. आजवर मी लिहिली ती पत्रकं: एकच पान, दोन्ही बाजूंनी छापलेलं, वर मागणी, खाली सभेची वेळ. पत्रकात बाबा मावत नाहीत, म्हणून हे प्रकरण.

बाबा एका बायोटेक कंपनीत होते, अजून आहेत. माणूस उभा राहील एवढ्या स्टीलच्या टाक्यांमध्ये जिवंत पेशी वाढवून औषध बनवतात, त्या टाक्या स्वच्छ ठेवणं हे त्यांचं काम. नुसतं पुसणं नाही. एक जंतू आत गेला तर महिन्यांची मेहनत गटारात. त्यामुळे घरीही ते हात धुवायला लागले की पाहुण्यांना वाटायचं, आता कोणाचं तरी ऑपरेशन आहे. बाबा नागपूरकडचे, आईसुद्धा. घरात दोघं आपली तिकडची मराठी बोलायचे, 'मले-तुले', 'करून राहिलो'. बाहेर कोणी पुण्या-मुंबईचं भेटलं की बाबा दारातच चपला काढाव्यात तशी ती मराठी उतरवून ठेवायचे आणि 'मला-तुला' चढवायचे. मला लहानपणी वाटायचं सगळ्यांचेच वडील असे दोन आवाजांत बोलतात. रविवारी सकाळी आंघोळी झाल्या की आम्ही तिघं हॉलमध्ये बसून त्रिसरण-पंचशील म्हणायचो. मग आई ज्वारीची भाकरी आणि झुणका करायची, आणि भाकरीच्या पिठाचा आवाज, तो थापण्याचा ठप-ठप, तळघरापर्यंत ऐकू जायचा. बाहेर बारीक पाऊस, आत भाकरीची वाफ. घर म्हटलं की मला अजूनही हेच आठवतं.

मित्र मात्र बाबांना नव्हता. एवढ्या वर्षांत ऑफिसातले लोक होते, विहारातली माणसं होती, पण विहार म्हणजे तासभर ड्राइव्ह, महिन्यातून एकदा. गल्लीतला, शनिवारी दार वाजवून 'काय करतोयस' विचारणारा कोणी नव्हता. मग दिवाळीच्या एका कार्यक्रमात श्रीरंग काका भेटले. मूळचे पुण्याचे, सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, आवाज सभा गाजवणारा. आमच्या घरापासून दहा मिनिटांवर त्यांचं घर आणि ते गराज, जिथे ते घरच्या घरी बिअर बनवायचे. बाबांचं काम कळल्यावर त्यांनी बाबांच्या पाठीवर थाप मारली. "अरे किशोर, तू तर प्रोफेशनल निघालास! दारू विसर यार, ही केमिस्ट्री आहे. शनिवारी ये."

त्या दिवशी घरी आल्यावर जे भांडण झालं ते मी जिन्यात बसून ऐकलं. आमच्या घरात पाचवं शील, मद्यापासून दूर राहण्याचं, नुसतं म्हणायला नव्हतं. माझ्या आजीनं, आईच्या आईनं, नागपुरात वस्तीतल्या बायका गोळा करून दारूचे अड्डे बंद पाडले होते. आई म्हणाली, "माह्या आईनं मटके फोडले, अन् तिचा जावई गराजात पिंप भरून राहिला."

"अवं, मी पिऊन नाही राहिलो. बनवून राहिलो."

"बनवनारा अन् पिनारा वेगळा असते का?"

बाबा म्हणाले, "वैशाली, इतके वर्सं झाले इथं. मले कोनी म्हनलं का कधी, शनिवारी ये म्हनून? आता म्हनलं."

त्यानंतर रविवारी पाचवं शील म्हणताना बाबांचा आवाज जरा खाली जायचा आणि आईचा जरा वर. बाबांनी आपल्यापुरता नियम केला होता: चवीपुरता एक घोट, तोही बिघडलंय का बघायला. ज्यांच्याबरोबर बसण्यासाठी त्यांनी एवढं केलं ते लोक याला 'किशोरचा सोज्वळपणा' म्हणून हसायचे. बाबाही हसायचे. आता वाटतं, बाबा त्या दोन वर्षांत जितके हसले तितके ना आधी हसले ना नंतर.

गराजमध्ये तिघे असायचे: श्रीरंग काका, बाबा, आणि मंदार काका. मंदार काका ठाण्याचे, वयानं लहान, व्हिसावर आलेले, दर वाक्याला 'यार' म्हणणारे आणि बाबांवर खरोखर माया करणारे. हे मी मुद्दाम लिहिते. मायाळू माणूस होता. पहिल्याच दिवशी श्रीरंग काकांनी बाबांना धडा दिला, जसा काही बाबांना त्याची गरज होती. मी तिथे होते, फोल्डिंग खुर्चीत, होमवर्क घेऊन. काका म्हणाले, "हे बघ, दाणे भरडायचे, गरम पाण्यात तासभर मुरवायचे, गोड पाणी निथळून घ्यायचं, मग ते हॉप्सची कडू फुलं घालून तासभर उकळायचं. उकळीच्या आधी कसंही वाग, हात घाल, चाट, काही बिघडत नाही. तासभर खळखळून उकळलं की जंतू मेले. उकळीनंतर मात्र एकदम सोवळ्यात! गार करायचं यंत्र, नळी, पिंप, जे जे लागेल ते ते निर्जंतुक." सगळे हसले. बाबाही. हा धडा त्यांनी शिकवला होता, बाबांनी नव्हे. हे ध्यानात ठेवा.

आता माल्टचं सांगते, कारण ज्यांना माल्ट माहीत नाही त्यांना बाबांचं काय गेलं हे कळणार नाही. माल्ट म्हणजे मोड आणून वाळवलेले जव. मटकीला मोड आणतो तसेच, फक्त मोड फुटल्याफुटल्या वाळवून टाकायचे. दुकानात मिळतं ते साधं फिकं माल्ट म्हणजे भाकरीचं पीठ समजा. त्याच्यानं पोट भरतं. रंग, गोडवा, खरपूसपणा हे सगळं येतं ते वरून घातलेल्या थोड्याशा खास माल्टमधून. बहुतेक लोक तेही विकत आणतात. बाबांनी एक-दोनदा विकतचं आणलं, चावून बघितलं, आणि म्हणाले, "हे तं घरी होईल."

मग आमचं स्वयंपाकघर गेलं ते गेलंच. शुक्रवारी संध्याकाळी बाबा माल्ट पाण्यात भिजत घालायचे. शनिवारी सकाळी ते ओले दाणे ॲल्युमिनियमच्या ट्रेमध्ये पसरून, वरून झाकून, ओव्हन अगदी कोमट ठेवून आत सारायचे. अशानं दाण्याच्या पोटातल्या पोटात साखर तयार होते. मग झाकण काढून आच वाढवायची आणि दर थोड्या वेळानं उलथण्यानं खालीवर करत बसायचं. झालं की दाणा दाताखाली फोडला तर आत काचेसारखा चकाकणारा, गुळाच्या खड्यासारखा गर. हे झालं कॅरॅमल माल्ट. दुसरा ट्रे कोरडाच भाजायचा, बिस्किटासारखा. तिसरा कोकोच्या रंगावर न्यायचा, आणि तिथे सगळी कसोटी. अर्धं मिनिट जास्त झालं की कोळसा. त्या तिसऱ्या ट्रेच्या वेळी घरातला स्मोक अलार्म हमखास कोकलायचा, मी खुर्चीवर चढून टॉवेलनं वारा घालायचे आणि ओरडायचे, "डॅड, माय हेअर स्मेल्स लाइक टोस्ट!" ताजं भाजलेलं माल्ट उग्र लागतं, म्हणून ते कागदी पिशव्यांत दोन आठवडे निवांत पडू द्यायचं, मग बरण्यांत. आमच्या पॅन्ट्रीत डाळ-तांदळाच्या शेजारी त्या बरण्यांची रांग असायची, फिक्या सोनेरीपासून काळ्यापर्यंत, आणि बाबा येता-जाता झाकण उघडून नाक घालायचे.

आईनं बिअरला कधी तोंड लावलं नाही. पण नाक तिचंच पक्कं निघालं. ती हॉलमध्ये पुस्तक वाचत बसलेली असायची आणि तिथूनच हुकूम सुटायचा, "तिसरा काढ! जळून राहिला!" आणि खरंच क्षणभरात जळला असता. हळूहळू ती ओव्हनपाशी येऊन उभी राहायला लागली, मग दाणे चावायला लागली. बाबांनी डोळे मिचकावले तर म्हणायची, "पाहून नको राहू असा. दाने चावाले शीलात मनाई नाही." ज्या ट्रेला आई होकाराची मान डोलवायची तोच गराजमध्ये जायचा. त्या घरातलं सगळ्यात सुखाचं दृश्य मला विचाराल तर हे: दोघं ओव्हनच्या काचेत वाकून बघतायत, काचेवर वाफ, आणि घरभर भाजलेल्या भाकरीचा, गुळाचा, कॉफीचा वास.

त्या तीन माल्टांची जी काळी बिअर झाली ती श्रीरंग काकांच्या गराजची शान ठरली. काकांनी तिचं बारसं केलं: 'पेशवाई पोर्टर'. बाबांनी घरी येऊन सांगितलं तेव्हा आईनं पोळपाटावरचं लाटणं थांबवलं. "अन् तू काय म्हनला?" बाबा म्हणाले, "काही नाही. हासलो." ज्या पेशवाईत आमच्या लोकांनी कसं चालायचं, कुठे थुंकायचं, हे दुसरे ठरवायचे, तिचं नाव बाबांच्या हातच्या वस्तूला, आणि तोंडानं अवाक्षर काढायची सोय नाही, कारण काढलं तर लगेच कळणार की याला का लागलं. भिवापूरकर हे गावावरून पडलेलं आडनाव. त्यातून काही कळत नाही. त्या आडनावाच्या आडोशाला बाबा दोन वर्षं बसले होते.

आणखी एक. श्रीरंग काकांच्या घरात मांसाहार चालत नव्हता, पण गराजमध्ये चालायचा. घरात देव आहेत, गराजमध्ये गाड्या आहेत, असा त्यांचा हिशेब. त्यांच्या पत्नी, नीलिमा काकू, घर आणि गराज यांच्यामधल्या दारात उभ्या राहून चिकन लॉलीपॉपची प्लेट घ्यायच्या आणि उंबऱ्याच्या गराजकडच्या बाजूलाच खायच्या. तेव्हा मला हे गमतीचं वाटायचं. नियम कुठे लागू करायचा आणि कुठे सोडायचा हे ठरवणारे तेच, हे कळायला मला थोडा वेळ लागला.

ऑक्टोबरमध्ये काकांच्या गराजच्या फरशीला नवा रंग द्यायचा होता. काका म्हणाले, "या वेळी बैठक किशोरकडे." बाबा घरी आले ते चेहरा उतरवून. आमच्या जेवणाच्या टेबलामागच्या भिंतीवर बाबासाहेबांचा फोटो होता, निळ्या कोटातला, मोठा. हॉलमध्ये बुद्धमूर्ती होती, पण तिची चिंता नव्हती. बुद्ध समोरच्या गोऱ्या बाईच्याही बागेत होता, त्यावरून अमेरिकेत कोणाची जात कळत नाही. बाबा म्हणाले, "वैशाली, एका दिवसाचा प्रश्न हाये. फोटो वर बेडरूममधी लावू. ते गेले का परत खाली."

"फोटोले हात लावला तं मी बी त्याच्यासंगं वर जाऊन बसीन. पाहुन्यांले तूच वाढ."

फोटो हलला नाही. शनिवारी श्रीरंग काका, नीलिमा काकू आणि मंदार काका आले. आईनं बेसनाच्या पातोडीचा रस्सा केला होता, भाकऱ्या केल्या होत्या. श्रीरंग काका हसत आत आले, टेबलाकडे वळले, आणि थांबले. मी त्यांच्या तोंडाकडेच बघत होते. हसू गेलं नाही. ते जागच्या जागी वाळलं.

"अरे वा," ते म्हणाले. "ग्रेट माणूस. इकॉनॉमिस्ट म्हणून तर फारच मोठे. लोकांना माहीतच नसतं."

"हो," बाबा म्हणाले.

"म्हणजे तुम्ही लोक... आय मीन, भिवापूरकर म्हणजे..."

"हो," बाबा पुन्हा म्हणाले.

नीलिमा काकू लगबगीनं मदतीला धावल्या. "आमच्याकडे ना, जात-बित कोणी मानतच नाही. माझी कॉलेजातली बेस्ट फ्रेंड तुमच्यातलीच होती."

"आमच्यातली म्हणजे?" आईनं रश्श्याचं पातेलं टेबलावर ठेवत विचारलं. "नागपूरची का?"

मंदार काकांना ठसका लागला. काकूंनी जेवणाला हात लावला नाही; म्हणाल्या, माझा शनिवार असतो. कितीतरी शनिवारी मी त्यांना गराजच्या दारात लॉलीपॉप खाताना पाहिलं होतं. श्रीरंग काकांनी अर्धी भाकरी खाल्ली, रस्सा फार तिखट आहे म्हणाले, आणि उद्या सकाळी लवकर उठायचंय म्हणत तासाभरात तिघेही निघाले. मंदार काकांनी ताट चाटूनपुसून संपवलं होतं. जाताना त्यांनी आईला वाकून नमस्कारही केला. म्हणूनच त्यांच्यावरचा माझा राग जास्त आहे.

त्यानंतर पुढची बॅच त्या नव्या रंगाच्या फरशीवर झाली. शहरातल्या हौशी ब्रूअर लोकांची एक स्पर्धा होती, तिच्यासाठी हीच काळी पोर्टर. बाबांनी बरण्या नेल्या, माल्ट भरडलं, मुरवलं, गोड पाणी निथळलं. उकळी लागली आणि बाबांना कामावरून फोन आला. कुठल्या तरी टाकीचा अलार्म. बाबा निघून गेले. म्हणजे उकळीनंतरचं सगळं, गार करणं, नळीतून पिंपात भरणं, यीस्ट टाकणं, हे त्या दोघांनी केलं. बाबांनी त्या पिंपाला बोटसुद्धा लावलं नाही. हेही ध्यानात ठेवा.

आणि मग तो शनिवार. बाटल्या भरायच्या होत्या म्हणून बाबांनी मला बरोबर घेतलं होतं. मला तेव्हा नुकतं लायसन्स मिळालं होतं, गाडी मीच चालवली. गराजमध्ये शिरलो तर दोघं पिंपाशेजारी गप्प उभे. श्रीरंग काकांनी तोटी उघडून ग्लासात थोडी काढली आणि बाबांच्या हातात न देता बाकावर ठेवली. बाबांनी उचलून वास घेतला. मलाही आला, शिळ्या ताकासारखा. आंबली होती. पूर्ण पिंप.

"किशोरजी, वाईट वाटून घेऊ नका," श्रीरंग काका म्हणाले. दोन वर्षं 'अरे किशोर' म्हणणारा माणूस. "पण घरी भाजलेल्या माल्टमध्ये हायजीनचा प्रश्न असतोच."

बाबांना आधी वाटलं काका विसरले. ते समजावून सांगायला लागले, हळू, बाहेरच्या मराठीत. "श्रीरंग, ते ओव्हनमधून निघालेलं माल्ट आहे. त्यानंतर तासभर उकळलंय. त्यातून काही येणं शक्य नाही. उकळीनंतर जे लागलं त्यात बघू या." आणि त्यांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली प्लॅस्टिकची नळी काढली, उजेडात धरली. आतून पिवळट बुळबुळीत थर होता. मला तीन पावलांवरून दिसला. "हे बघा," बाबा म्हणाले.

कोणी बघितलं नाही. श्रीरंग काका मंदार काकांकडे वळले. "नळी तू धुतली होतीस ना रे?"

मंदार काका नव्या फरशीकडे बघत होते. "हो... म्हणजे, धुतलीच असणार यार."

"मग झालं तर," श्रीरंग काका म्हणाले. "तसं काही नाही किशोरजी, पण काही गोष्टी उकळूनही जात नाहीत."

नीलिमा काकूंच्या कुंपणावर हॉप्सची वेल होती. शेजाऱ्यांचं मांजर तिच्या बुडाशी लोळायचं. ते हॉप्स न धुता पिशवीभर तोडून याच भांड्यात पडायचे, आणि 'घरच्या हॉप्सची मजाच वेगळी' म्हणून कौतुक व्हायचं. त्यांच्या घरचं ते घरचं. आमच्या घरचं तो हायजीनचा प्रश्न.

मी विचारलं, "काका, व्हॉट एक्झॅक्टली डजन्ट बॉइल आउट?"

"बेटा, मोठ्यांच्या बोलण्यात..."

"नाही, सांगा ना. मराठीत सांगा. उकळून काय जात नाही?"

काकांचा चेहरा लाल झाला. उत्तर अजूनही आलेलं नाही. बाबांनी नळी पुन्हा खिळ्याला अडकवली, नीट, वेटोळं करून, आणि मला म्हणाले, "चल." आम्ही ड्राइव्हवेवर पोहोचलो तेव्हा काका मागून आले, पुन्हा सभ्य झालेले. पुढच्या वेळेपासून सगळं माल्ट दुकानातूनच आणू म्हणाले, आणि ग्रुपही जरा छोटा ठेवू, कसंय, मॅनेज करायला सोपं पडतं. बाबा म्हणाले, "बरोबर आहे." गाडीत मी दोन सिग्नल तोडले असतील. त्यांनी टोकलंसुद्धा नाही.

सोमवारी शाळेतून आले तर आमच्या पोर्चवर उरलेल्या माल्टच्या बरण्या ओळीनं ठेवलेल्या. दार वाजवलं नव्हतं, मेसेज नव्हता. आईनं दिवाळीला चिवडा दिला होता तो डबाही होता, घासून, प्लॅस्टिकच्या पिशवीत गाठ मारून. बाबा कामावरून आले, कोट न काढताच बरण्या मागच्या अंगणात घेऊन गेले आणि कंपोस्टच्या डब्यात एक-एक उपडी करायला लागले. सोनेरी, तांबूस, काळं. जिनं पहिल्या दिवसापासून या बिअरला विरोध केला होता ती माझी आई धावत बाहेर गेली आणि तिनं शेवटची बरणी धरली.

"राहू दे एक."

"कायले?"

तिनं मूठभर दाणे काढले आणि तिथेच पावसात उभं राहून चावायला लागली. बाबा तिच्याकडे बघत राहिले. मग त्यांनी बरणी तिच्या हातातून काढून घेतली आणि तीही उपडी केली.

त्यानंतर आमच्या ओव्हनमध्ये बाबांनी काही भाजलं नाही. हे मोठं नुकसान नाही, असं मला एका सभेत एका गृहस्थांनी सांगितलं. जगात लोकांवर काय काय अत्याचार होतात आणि तुम्ही बिअरचं काय घेऊन बसलात? मी त्यांना सांगितलं ते इथेही सांगते. माझ्या बाबांना आता दुकानात कानावर मराठी पडली की ते माझ्याशी इंग्रजीत बोलायला लागतात. स्वतःच्या मुलीशी. कोणी 'मूळचे कुठले' विचारू नये म्हणून. दोन आवाजांपैकी एक त्यांनी बंद केला, आणि दुसरा घराच्या चार भिंतींत कोंडला. याचं माप कोणत्या तराजूत करता ते मला दाखवा.

गेल्या वर्षी मी एका इंडियन ग्रोसरीच्या दारात पत्रकं वाटत होते. जातीवरून भेदभाव करायला आपल्या शहरात बंदी हवी, त्यासाठी नगरपालिकेच्या सभेत येऊन दोन मिनिटं बोला, असं पत्रक. एका माणसानं ते घेतलं, वाचलं, आणि मान वर केली. मंदार काका. केस पिकलेले, हातात तांदळाची गोण. "अगं, तू! केवढी झालीस यार." मग पत्रकाची घडी करत, इकडेतिकडे बघत, हळू आवाजात म्हणाले, "तुला एक सांगू का? ती नळी मी धुतलीच नव्हती. घाई होती, तशीच लावली. मला त्याच दिवशी माहीत होतं."

"मग बोलला का नाहीत?"

"श्रीरंगच्या ओळखीनं माझं नव्या नोकरीचं चाललं होतं. व्हिसाचं टेन्शन. तुला नाही कळणार." त्यांचे डोळे भरले होते. खरंच भरले होते. "बाबा कसे आहेत?"

"त्यांना विचारा. नंबर तोच आहे."

"हो, करतो ना फोन."

"आणि सभेत येऊन हे बोलाल?"

"बोलायला हरकत नाही गं. पण नाव नको घालूस माझं. अजून आम्ही सगळे भेटतो शनिवारी."

त्यांनी फोन केला नाही. मला सांगून त्यांचं ओझं उतरलं, आणि ते तांदूळ घेऊन घरी गेले. आळ मात्र होता तिथेच राहिला, बाबांच्या डोक्यावर, कारण तो चारजणांत घातला गेला होता आणि खोडला गेला एका दुकानाच्या दारात, माझ्या कानात.

तुम्ही, हे वाचणारे, श्रीरंग काका नसाल. बहुतेक लोक नसतात. पण तुम्ही मंदार काका असण्याची शक्यता फार मोठी आहे. कुठल्या तरी गराजमध्ये, किचनमध्ये, टीम लंचला, पॉटलकला तुमच्यासमोर एखाद्यावर असा आळ आला असेल, तुम्हाला तो खोटा आहे हे माहीत असेल, आणि तुम्ही फरशीकडे बघितलं असेल. त्याची कबुली मला देऊ नका. मला पत्र लिहू नका, मेसेज करू नका, एकट्यात गाठून डोळ्यांत पाणी आणू नका. ज्याच्यावर आळ आला त्याला आज फोन करा. आणि त्यानंतरच्या शनिवारी, तेच सगळे लोक जमलेले असताना, स्वतःचं नाव घेऊन, त्या माणसाचं नाव घेऊन, मोठ्यानं सांगा की चूक त्याची नव्हती.